बिलावर पत्ता कुठला येणार, ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही कासारवडवलीला राहता, १४ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी पसंत केली आहे. ठाण्यातला डीलर अकरा आठवडे थांबा म्हणतो. वापीचा डीलर म्हणतो, गाडी यार्डात उभी आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन जा, शिवाय ५५ हजार जास्त सूट देतो. तुमचे भाऊ नोकरीनिमित्त वापीला राहतात. तेव्हा त्यांच्या पत्त्यावर जीजे-१५, म्हणजे गुजरातचं पासिंग करून घेतलं तर टॅक्सही निम्मा होईल, यात काही धोका आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

ठाणे, कल्याण आणि पनवेलच्या आरटीओत नव्या गाड्यांच्या पासिंगची कामं मी बावीस वर्षं करतो आहे. त्याआधी चार वर्षं एका शोरूममध्ये डिलिव्हरीच्या टेबलावर होतो. या सगळ्या काळात परराज्यातून गाडी घेतलेली माणसं मी दोन टोकांची पाहिली. काहींचे पैसेही वाचले आणि गाडीही लवकर दारात आली. काहींना तीच गाडी वर्षभर डोक्याला ताप झाली. फरक नशिबाचा नव्हता. पैसे भरण्याआधी बिलावर कुठला पत्ता घालायचा, हे कोणी ठरवलं होतं आणि कोणी नव्हतं, एवढाच फरक होता.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात दोन आहेत. गाडी कुठून घ्यायची हा एक, आणि पासिंग कुठे करायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर, भारतात कुठूनही घ्या, पूर्ण कायदेशीर आहे. दुसऱ्यात मात्र तुम्हाला फारशी निवड नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४० सांगतं की मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे नेहमी उभी राहते, त्या राज्यात नोंदणी व्हायला हवी. तुमची गाडी रात्री कासारवडवलीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहणार, रोज घोडबंदर रोडवरून कामाला जाणार. मग तिचं पासिंग महाराष्ट्रातच. भाऊ वापीला असल्याने त्यात काही बदलत नाही.

टॅक्सचा आकडा मोह पाडणारा आहे, हे मला कळतं. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. म्हणजे तुमच्या १४ लाखांच्या गाडीला साधारण १ लाख ६८ हजार. गुजरातमध्ये वैयक्तिक गाडीला ६ टक्के, म्हणजे अंदाजे ८४ हजार. सरळ निम्मे. हा हिशेब करून लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, ८४ हजारांत इन्शुरन्सही निघतो आणि वर सोसायटीच्या पार्किंगचे पैसेही. पण तो कर गुजरातच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा आहे. तुमची गाडी इथल्या रस्त्यावर चालणार, म्हणून इथला कर द्यावाच लागणार. प्रश्न फक्त आज सरळ द्यायचा की पुढे फेऱ्या मारून द्यायचा, एवढाच.

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. 'परराज्यातली गाडी बारा महिने चालवता येते' असं कोणीतरी सांगितलेलं असतं. कायद्यात बारा महिने आहेत, कलम ४७ मध्ये, पण ते नव्या राज्याचा नंबर घेण्याच्या मुदतीबद्दल आहेत. बदली होऊन आलेल्या माणसाला सामान लावायला सवड मिळावी, म्हणून. कराचा मुद्दा त्याहून वेगळा. महाराष्ट्राचा वाहन कर राज्यात वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर लागतो. बारा महिन्यांच्या आत आहोत म्हणून करमाफी, असा अर्थ त्यातून काढू नका.

आणि जो माणूस बदली होऊन आलेलाच नाही, कायम ठाण्यातच राहतो, त्याने बारा महिने कुठून मोजायचे? फॉर्म २० वर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, सही करताना तुम्ही लिहून देता की पत्ता हा आहे आणि गाडी इथे ठेवली जाणार. वापीला न राहता तिथला भाडेकरार जोडून ती सही केली, तर ते खोटं निवेदन झालं. खोट्या माहितीवर मिळवलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आरटीओला कलम ५५ ने दिलेला आहे. अशी रद्द झालेली गाडी मी स्वतः एकच पाहिली. पण इन्शुरन्स क्लेमच्या वेळी कंपनीच्या सर्व्हेअरने 'गाडी वापीची, मालक वापीचे, मग सहा महिने सर्व्हिसिंग ठाण्यात कसं?' असं विचारल्यावर घाम फुटलेली माणसं बरीच पाहिली आहेत.

काही जण मग गाडीच भावाच्या नावावर घेतात. ताई, हे तर अजिबात करू नका. तुमचे भाऊ कितीही जिवाभावाचे असोत. गाडीने उद्या कोणाला धक्का लागला तर नोटीस त्यांच्या नावाने निघणार, चलानं त्यांच्या मोबाइलवर जाणार, कर्ज त्यांच्या सिबिलवर दिसणार. आणि गाडी तुमची आहे, हे दाखवायला तुमच्याकडे एकही कागद नसणार.

मानपाड्याच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले, कागदाला कागद लावून ठेवणारे. मुलगा सुरतला. त्यांनी गाडी सुरतला घेतली आणि 'पासिंग ठाण्याचं करू' असं तोंडी ठरवलं. डीलरच्या माणसाने मुलाचं आधार मागितलं, यांनी दिलं. बिल सुरतच्या पत्त्यावर झालं, आणि बिल तिथलं म्हटल्यावर डीलरने गुजरातचं कायम पासिंग करून टाकलं. गाडी दारात आली ती जीजे नंबर घेऊनच. मग काका माझ्याकडे आले. आता बँकेची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, मग सुरत आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग ठाण्यात फॉर्म २७, मग इथला कर, मग नवा नंबर, नव्या प्लेट, नवी आरसी. आणि हे सगळं झाल्यावर गुजरातमध्ये भरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. पासिंग बदलायला सात महिने गेले. परताव्यासाठी मुलाने आरटीओत किती फेऱ्या मारल्या, ते त्यांनी मला वहीत लिहून ठेवलेलं दाखवलं. चूक कोणाची म्हणायची? बिलाचा मसुदा वाचायला कोणी मागितलाच नव्हता, एवढीच.

तर टॅक्स वाचेल हा विचार बाजूला ठेवा. आता उरली ५५ हजारांची सूट आणि वाचणारे अकरा आठवडे. हे दोन्ही फायदे खरे असू शकतात, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पण दोन्ही नीट तपासून घ्या.

आधी किंमत. गाडीवरचा जीएसटी देशभर सारखाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, मोठ्या गाडीला ४० टक्के, आणि वरचा सेस गेला. म्हणजे वापीला जीएसटी कमी लागतो, असं काही नाही. दोन राज्यांतल्या एक्स-शोरूम किमतीत असतो तो वाहतुकीचा थोडाफार फरक. तेव्हा वापीचा डीलर ५५ हजार देतोय ते स्वतःच्या मार्जिनमधून किंवा कंपनीच्या स्कीममधून. कोणती स्कीम, ते विचारा. बऱ्याचदा त्या आकड्यात एक्स्चेंज बोनस धरलेला असतो. तुमची जुनी गाडी एमएच-०४, म्हणजे ठाणे पासिंगची असेल, तर ती वापीच्या डीलरला देताना तिचीही परराज्यात जाण्याची एनओसी लागेल, आणि कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला नसेल तर आधी तेही काम. एक्स्चेंज नको असेल तर सूट किती उरते? तसाच कॉर्पोरेट डिस्काउंटचा घोळ. काही वेळा सूट तेव्हाच मिळते जेव्हा इन्शुरन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि सीट कव्हरपासून मॅटपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच घेता. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. त्याच कंपनीचा, त्याच कव्हरचा दर बाहेरून काढून बघा. फरक १०-१५ हजारांचा निघाला, तर ५५ तले तेवढे गेले.

यात वापीच्या दोन फेऱ्या, डिझेल-टोल, टेम्पररी नोंदणीची (कायम नंबर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या नोंदणीची) फी आणि इथलं पासिंग एखाद्या सल्लागाराकडून करून घेतलंत तर त्याचे पैसे, असे मिळून माझ्या अंदाजाने १० ते १५ हजार धरा. गाडी ट्रकवर टाकून आणायची असेल तर तो खर्च वेगळा. इतकं करून निव्वळ २५-३० हजार हातात राहत असतील आणि अकरा आठवडे वाचत असतील, तर मी तरी घेऊन टाका म्हणेन. १० हजारांसाठी मात्र नका. ठाण्याच्या डीलरकडे वापीचं लेखी कोटेशन घेऊन जा आणि तेवढे १० हजार तिथेच मागा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर बहुतेक मिळतील.

आता प्रत्यक्ष पद्धत सांगतो, कारण याविषयी कोणी नीट सांगत नाही.

त्याच राज्यात पासिंग होणार असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा, अशी कायद्यात तरतूद आहे. दुसऱ्या राज्यात पासिंग असेल तर ती जबाबदारी मालकावर येते. म्हणजे वापीचा डीलर तुम्हाला टेम्पररी नोंदणी करून देईल आणि त्याचं काम संपेल. पुढचं ठाणे आरटीओत तुम्हाला करायचं. यासाठी डीलर तयार आहे का, हा पहिला प्रश्न. सगळे तयार नसतात. काही कंपन्या डीलरना ठरवून दिलेल्या भागाबाहेर विकायला मनाई करतात, आणि काही डीलर नुसते कंटाळा करतात. तोंडी हो म्हणाले तर ईमेलवर हो घ्या. त्या ईमेलमध्ये तीन गोष्टी असू द्या. बिल तुमच्या नावाने आणि कासारवडवलीच्या पत्त्यावर होणार. टेम्पररी नोंदणी महाराष्ट्रात कायम पासिंग करण्यासाठी निघणार. आणि फॉर्म २१, फॉर्म २२ मूळ प्रत डिलिव्हरीच्या दिवशी हातात मिळणार.

बिल कसं ओळखाल? पत्ता महाराष्ट्राचा असेल तर त्यावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन अर्धे भाग न दिसता आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा) असा एकच आकडा दिसायला हवा. एकूण रक्कम तीच राहते. दोन भाग दिसले की समजा, त्यांनी व्यवहार गुजरातमधला धरलाय. तिथल्या तिथे थांबवा. मानपाड्याच्या काकांच्या बिलावर दोन भाग होते. आणि गाडी १० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीसीएसही, म्हणजे डीलरने तुमच्याकडून गोळा करायचा आयकरही लागेल, तुमच्या बाबतीत साधारण १४ हजार. तो खर्च नाही. पॅन बरोबर दिलात तर आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसेल आणि रिटर्न भरताना वळता होईल. दोन्ही डीलरकडे तो सारखाच, म्हणून तुलना करताना दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडे सोडा.

फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, तो डीलर देतो. फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे, हा कंपनीचा दाखला. या दोन्हींवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी, इन्शुरन्सशी आणि टेम्पररीशी अक्षर न अक्षर जुळवा. हे मी फार कळकळीने सांगतोय. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली, तिच्या फॉर्म २१ वर इंजिन नंबरातल्या इंग्रजी बी च्या जागी आठ छापला होता. बघताना दोन्ही सारखेच दिसतात. आरटीओच्या आवारात इन्स्पेक्टर बॉनेट उघडून टॉर्च मारून बसले, ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून मी पेन्सिल घासली, आणि त्या करड्या पट्टीवर बी स्वच्छ उठून आला. कागद परत सुरतला. नवा फॉर्म कुरिअरने यायला नऊ दिवस गेले, आणि तेवढे नऊ दिवस गाडी झाकून ठेवावी लागली. ठाण्याच्या डीलरकडे अशी चूक झाली असती तर दुपारपर्यंत दुरुस्त झाली असती.

टेम्पररीची मुदत कागदावर छापलेली असते आणि ती काढल्याच्या दिवसापासून धावते, गाडी घरी आल्याच्या दिवसापासून नाही. यात माझीच एकदा चूक झाली. २०११ साली एका ग्राहकाची टेम्पररी सुरतला निघाली, तेव्हा ती एक महिन्याची असे. पण मुहूर्त बघून त्यांनी गाडी बारा दिवसांनी उचलली. पुढे दिवाळीच्या सुट्ट्या आल्या. तारीख मी मनात डिलिव्हरीपासून धरली होती, आणि मुदत दोन दिवसांनी टळली. त्या माणसाला माझ्यामुळे दंड भरावा लागला. तेव्हापासून टेम्पररीची शेवटची तारीख मी फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहितो. तुम्ही डीलरला एवढंच सांगा की टेम्पररी डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी काढा, दहा दिवस आधी नको.

गाडी निघण्याआधी इन्शुरन्स सुरू झालेला असला पाहिजे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. पॉलिसीवर पत्ता ठाण्याचा आणि आरटीओ ठाणे असंच लिहून घ्या. फास्टॅग चेसिस नंबरावर निघतो, कायम नंबर मिळाला की तो त्यात टाकायचा, विसरू नका. येताना वापीपासून ठाणे साधारण दीडशे किलोमीटर, दापचरीवरून मनोर आणि मग घोडबंदर. टेम्पररी, बिल आणि इन्शुरन्सची छापील प्रत पुढच्या सीटवरच ठेवा, मोबाइलमध्ये आहे म्हणून भागवू नका. शक्यतो सकाळी लवकर निघा. नवी गाडी आणि गायमुखचा घाट संध्याकाळच्या अवजड वाहनांत एकत्र नको. काजूपाड्यापासून ट्रकांच्या मध्ये अडकलात तर दीडशे किलोमीटरची सगळी दमणूक त्या शेवटच्या पट्ट्यात होते.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आरटीओचं काम काढा. फॉर्म २०, २१, २२, बिल, टेम्पररी, इन्शुरन्स, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि ठोकलेल्या नंबराची पेन्सिल प्रिंट. कर्ज असेल तर फॉर्म २० वर बँकेची सही-शिक्का. गाडी इन्स्पेक्टरला दाखवायची, इथला १२ टक्के कर भरायचा, नंबर मिळतो. मग राहते हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती गाडी विकणाऱ्या डीलरकडून मिळते, आणि परराज्यातून घेतलेल्या गाड्या सगळ्यात जास्त इथेच रखडतात. प्लेट वापीच्या डीलरच्या खात्यातून मागवायची, बसवायची ठाण्यात. ती इथे कुठल्या वर्कशॉपमध्ये येईल आणि बसवायला पैसे लागतील का, हेही त्या ईमेलमध्ये विचारून ठेवा.

कर्जाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. घेणार असाल तर डीलर निवडण्याआधी बँकेत जा. तुमच्या ठाण्याच्या शाखेने वापीच्या डीलरच्या खात्यात पैसे पाठवायचे, तर तो डीलर बँकेच्या यादीत असावा लागतो. नसेल तर बँकेची डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) निघायलाच पंधरा दिवस लागतात, आणि तोवर यार्डातली गाडी दुसऱ्याला जाते. वापीच्या शाखेतून कर्ज घेऊ नका, ते परत तिथला पत्ता मागतील आणि आपण जिथून निघालो तिथेच येऊ. पैसे कुठूनही देत असाल, फक्त डीलरशिपच्या चालू खात्यात, पावती घेऊन. बुकिंगचे पाच हजारसुद्धा सेल्समनच्या मोबाइल नंबरावर नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही केंद्र किंवा राज्य सरकारी नोकरीत असाल, किंवा चार किंवा अधिक राज्यांत ऑफिसं असलेल्या खासगी कंपनीत असाल, तर बीएच (भारत) मालिकेचा, राज्य बदललं तरी चालणारा नंबर घेता येतो. १० ते २० लाखांच्या गाडीला त्याचा दर १० टक्के आहे, आणि कर दोन-दोन वर्षांचा हप्त्याने भरायचा असल्याने पहिल्या दिवशी हातचे पैसे बरेच कमी जातात. पण तो भरायची तारीख चुकली तर दिवसाला १०० रुपये दंड आहे. बदलीची नोकरी असेल तरच मी तो सुचवतो, कायम ठाण्यात राहणाऱ्याला नाही. गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर महाराष्ट्रात थेट २० टक्के लागतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीला सध्या इथे करमाफी असल्यामुळे तिच्यासाठी परराज्याचा विचारच करायला नको.

आणि एक पर्याय तुमच्या प्रश्नात नाहीच, तो मला सगळ्यात आधी तपासावासा वाटतो. वापी दीडशे किलोमीटर, तसं नाशिकही साधारण तेवढंच. नाशिक, पुणे, पनवेल, वसई इथल्या डीलरकडे त्याच रंगाची, त्याच व्हेरिअंटची गाडी यार्डात आहे का, हे विचारलंत का? राज्य तेच असल्याने नोंदणीचा अर्ज डीलर करेल, टेम्पररीची भानगड नाही, गाडी दाखवायला आरटीओत न्यायची नाही, नंबर प्लेट लावूनच गाडी हातात. ठाण्याचा नंबर देऊ शकाल ना, एवढं बुकिंगआधी विचारा. पूर्वी जकात होती तेव्हा शहराबाहेरून गाडी आणणं म्हणजे नाक्यावरचा वेगळा हिशेब असायचा. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, आणि तेव्हापासून राज्यातल्या राज्यात डीलर बदलणं फार सोपं झालं आहे. तरी लोक ठाण्याच्या दोन शोरूमना विचारतात आणि थेट गुजरात गाठतात. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका कुटुंबाला गुजरातमध्ये ४० हजार सूट मिळत होती. नाशिकला ३२ मिळाली, आणि कसारा घाट उतरून ते त्याच संध्याकाळी एमएच-०४ नंबर घेऊन घरी आले.

वॉरंटीची काळजी तुम्ही शेवटी लिहिली आहे, ती करू नका. कंपनीची वॉरंटी देशभर चालते, ठाण्याचं कुठलंही अधिकृत वर्कशॉप गाडी घेईल. डीलरने स्वतःहून द्यायच्या गोष्टी, म्हणजे मोफत पॉलिश, अ‍ॅक्सेसरीज, 'नंतर बसवून देऊ' असं सांगितलेला कॅमेरा, त्या मात्र वापीलाच राहतील, म्हणून डिलिव्हरीच्या दिवशीच सगळं गाडीवर बसवून घ्या. आणि वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. त्यासाठी वापीला खेटे घालायला नकोत, ठाण्यात चालेल. तो ईमेल तेव्हाही कामी येईल.

राहिले तुमचे भाऊ. त्यांचा पत्ता नको, पण त्यांची एक सकाळ हवी आहे. पूर्ण पैसे भरण्याआधी आणि टेम्पररी काढण्याआधी त्यांना यार्डात पाठवा, उजेडात, पाऊस नसताना. तुम्हाला मिळणारी गाडी कुठली, ते चेसिस नंबरावरून ठरलेलं असू द्या, 'अशीच असेल' असं नको. त्यांनी बॉनेट उघडून बॅटरीवरची तारीख बघायची. चारही टायरच्या आणि स्टेपनीच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर एकमेकांच्या आसपासचे हवेत. एखादाच वेगळ्या वर्षाचा निघाला तर का, ते विचारायचं. ओडोमीटर पन्नासच्या आत आहे का, दाराच्या कडांना रंगाची छटा वेगळी दिसते का, काचांवर सगळीकडे एकाच वर्षाची खूण आहे का, हे पाहून चेसिस प्लेटचा फोटो तुम्हाला पाठवायचा. तो फोटो बिलाच्या मसुद्याशेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने जुळवा. जुळलं, आणि बिलावर कासारवडवली लिहिलेलं दिसलं, की मग बँकेला पैसे सोडायला सांगा. टेम्पररी हातात आल्यावर काही अडलं तर इथेच लिहा, मी रोज संध्याकाळी बघतो.